दा नांगमध्ये राहायला जाताना: घर, जेवण आणि भटकंतीचं रोकडं मार्गदर्शन

व्हिएतनाममधल्या दा नांगला चार दिवस फिरायला जाणाऱ्याला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही. विमानतळ शहराच्या पोटातच आहे, किनारा तिथून पाव तासावर, आणि उरलेलं हॉटेलवाला दाखवतो. तीन महिने, सहा महिने, वर्षभर राहायचं म्हटलं की मात्र शहराची दोन वेळापत्रकं समजून घ्यावी लागतात: एक पावसाचं, दुसरं पहाटेचं. ती ज्याला कळली नाहीत तो ऑक्टोबरात समुद्रासमोरचं घर वर्षाच्या कराराने घेतो, सकाळी दहाला नाश्त्याला बाहेर पडतो, आणि गाडे आवरलेले पाहून वैतागतो.

आधी पावसाचं. आपला पावसाळा परतीला लागतो तेव्हा इथला सुरू होतो. सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात जोराचे, आणि याच काळात वादळं किनाऱ्याला धडकतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका संध्याकाळ-रात्रीच्या पावसात शहरातल्या अनेक गल्ल्यांत कमरेएवढं पाणी होतं. फेब्रुवारी ते मे हवा उत्तम. जून ते ऑगस्ट पारा पस्तिशीच्या वर आणि दुपारी रस्ते ओस. पहिल्यांदाच जात असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पोचा. मात्र चांद्र नववर्षाचा तेतचा आठवडा चुकवा. तो जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कधीही येतो (२०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला). त्या दिवसांत दुकानं बंद, तिकिटं दुप्पट आणि घरमालक गावाला.

कागदपत्रं: व्हिसा आणि ताम चू

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. ऑगस्ट २०२३ पासून इ-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याच्यासारखी दिसणारी, दुप्पट पैसे घेणारी खासगी पानं शोधात बऱ्याचदा वर येतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे ना ते बघा. अर्ज फेटाळला तरी पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा तीन गोष्टी दोनदा तपासा.

पहिली म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टात दिलेल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. ते गाळलं की व्हिसावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही आणि मुंबई विमानतळावरच चेक-इनला अडकायला होतं. दुसरी, तारीख. ९० दिवस मोजले जातात ते व्हिसावर छापलेल्या तारखेपासून, तुम्ही उतरलात त्या दिवसापासून नव्हे. दहा दिवस उशिरा पोचलात तर ते दहा दिवस गेले. तिसरी, प्रवेशाचं ठिकाण. हो चि मिन्ह सिटीत उतरून तिथून देशांतर्गत विमानाने येणार असाल तर अर्जात हो चि मिन्ह सिटी लिहायचं. शिक्का पहिल्या विमानतळावर बसतो.

पर्यटन व्हिसावर स्थानिक नोकरी करता येत नाही. इंग्रजी शिकवण्याच्या जाहिराती कितीही गोड असल्या तरी वर्क परमिट मालकानेच काढायचं असतं. मुदत संपताना बरेच जण लाओस सीमेवरच्या लाओ बाओ नाक्याला जाऊन येतात. युरोपियन मित्र ‘सकाळी जाऊन रात्री परत’ असं सांगतील, पण आपल्याला लाओसचाही व्हिसा लागतो, हे ते सांगत नाहीत. विमानाने क्वालालंपूर किंवा बँकॉकला चार दिवस जाऊन येणं पुष्कळदा सोपं पडतं. निघण्याच्या आठवड्यात त्या त्या देशाचा नियम बघून घ्या.

आता ताम चू, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याची नोंद. परदेशी माणूस राहायला आला की १२ तासांच्या आत घरमालकाने किंवा हॉटेलने पोलिसांकडे कळवायचं असतं. हॉटेलं निमूट करतात. घरमालक कधी कधी कर चुकवायला टाळतात आणि ‘काही होत नाही’ म्हणतात. व्हिसाची पुढची कामं, बँक खातं, वाहन परवाना, सगळीकडे हा कागद मागतात, म्हणून घर ठरवतानाच विचारा: ताम चू करून देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं घर बघा.

पैसे आणि एक कोटीचं भाडं

इथल्या चलनाची, दोंगची शून्यं पहिले चार दिवस भंडावतात. सोपा हिशेब असा: शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला सव्वातीनने गुणा. ४०,००० दोंगची थाळी म्हणजे सुमारे १३० रुपये. स्थानिक लोकही हजार गाळूनच बोलतात. दहा लाखांना ते ‘च्येउ’ म्हणतात, तेव्हा घरभाडं ‘दहा च्येउ’ ऐकलं की ते आपल्या भाषेत एक कोटी. घाबरू नका, साधारण ३३,००० रुपये झाले.

नोटांत एक खरा सापळा आहे. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळीच. रात्री टॅक्सीत, घाईत, एकीच्या जागी दुसरी जाते आणि साठ-पासष्ट रुपयांऐवजी सोळा-सतराशे रुपये हातचे जातात. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवणं हाच उपाय. एटीएम एका वेळी बहुधा २० ते ५० लाख दोंगच देतं आणि दर वेळी शुल्क कापतं. जास्त रक्कम देणारं यंत्र शोधा. भाजीवालीपासून सगळीकडे क्यूआर कोड लावलेले दिसतील, पण ते इथल्या बँकेच्या खात्यावर चालतात. तोवर रोख जवळ बाळगा.

फोनवर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी घ्या. टॅक्सी, दुचाकी आणि जेवण मागवायला ग्रॅब, आणि निरोपांसाठी ‘झालो’ (Zalo) हे ॲप. आपल्याकडे व्हॉट्सॲप जे करतं ते सगळं इथं झालोवर होतं. घरमालक, पाण्याच्या बाटल्यावाला, दवाखाना, सगळे तिथंच. झालोचं खातं स्थानिक क्रमांकावर काढलं की सोपं जातं, म्हणून सिम आधी. सिमची नोंदणी पासपोर्टवर होते. दुसऱ्याच्या नावावर आधीच चालू केलेलं सिम रस्त्यावर मिळतं, ते घेऊ नका, महिन्याभरात बंद पडतं.

घर: आधी गल्ली बघा, मग खिडकी

पहिले दहा दिवस हॉटेलात काढा आणि घर पायी फिरून शोधा. ‘चो थ्वे’ अशी पाटी म्हणजे भाड्याने देणे आहे. समाजमाध्यमांवरच्या गटांत फोटो छान असतात. शेजारच्या प्लॉटवर चाललेलं बांधकाम त्या फोटोत नसतं. दा नांगमध्ये घर सोडायचं सर्वांत नेहमीचं कारण तेच. सकाळी सहाला ड्रिल सुरू होतं. म्हणून घर दोनदा बघा, एकदा सकाळी आठला आणि एकदा रात्री आठला. रात्री शेजारचा कराओके कळतो.

भाग कोणता? आन थुओंग हा परदेशी लोकांचा अड्डा. मी खे किनारा पाच मिनिटांवर, कॅफे, बार, भारतीय हॉटेलं सगळं हाताशी, पण महाग आणि गोंगाटाचं. पहिल्या महिन्याला ठीक, वर्षभरासाठी नाही. त्याच्या आतल्या बाजूला, बाक मी आन बाजाराभोवतीच्या गल्ल्यांत किनारा चालत गाठता येतो आणि भाजी स्थानिक भावात मिळते; बहुतेकांना हाच भाग शेवटी रुचतो. उत्तरेला मान थाय आणि थो क्वांगकडे घरं स्वस्त, वस्ती कोळ्यांची. पहाटे गोल टोपल्यांच्या होड्या किनाऱ्याला लागतात आणि वाळूवरच मासळी विकली जाते. ज्यांना वासाचं वावडं नाही त्यांनी जरूर बघावं. हान नदीपलीकडचं हाय चाऊ म्हणजे जुनं शहर: कचेऱ्या, दवाखाने, मोठे बाजार आणि पूर्ण स्थानिक जीवन, पण समुद्र दूर.

पत्ता वाचायची एक युक्ती. गल्लीला हनोईत ‘ङो’, हो चि मिन्ह सिटीत ‘हेम’, आणि इथं ‘किएत’ म्हणतात. पत्त्यात ‘के ४५/१२’ दिसलं तर मुख्य रस्त्यावर ४५ क्रमांकाशी आत शिरणारी किएत, आणि तिच्यातलं १२ वं घर. ग्रॅबवाला मुख्य रस्त्यावरच्या ४५ शी उभा राहून फोन करत असेल तर तुम्ही किएत लिहायला विसरलात.

१ जुलै २०२५ पासून शेजारचा क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला आणि जिल्हे रद्द होऊन थेट वॉर्ड आले, त्यामुळे जुने आणि नवे असे दोन पत्ते चालतात. करारात दोन्ही लिहून घ्या.

भाडं साधारण असं: एका खोलीचा सुसज्ज स्टुडिओ ६० लाख ते १ कोटी दोंग, वेगळी झोपायची खोली असलेलं घर ९० लाख ते दीड कोटी. एक महिन्याचं डिपॉझिट, एक महिना आगाऊ. पावसाळ्यात मालक सहज कमी करतात. जूनमध्ये, नदीवर आतषबाजीचा महोत्सव असतो तेव्हा, कुणी ऐकत नाही. करार दोन भाषांत मागा आणि त्यात वीजदर लिहा. मीटर मालकाच्या नावावर असतो आणि भाडेकरूला युनिटमागे ३,५०० ते ४,००० दोंग सरसकट लावतात. उन्हाळ्यात एसी लावून महिन्याला ३०० युनिटं गेली की ४,००० रुपयांच्या आसपास बिल. राहायला जाल त्याच दिवशी मीटरचा आणि भिंतींचा फोटो काढून झालोवर मालकाला पाठवा. डिपॉझिटचे वाद नव्वद टक्के तिथंच मिटतात.

आत काय बघायचं? खिडकी खरी आहे का, की जिन्याच्या पोकळीत उघडते. गादीमागची भिंत. तिथं नव्या रंगाचा ठिपका असेल तर खाली बुरशी आहे. नोव्हेंबर ते जानेवारी ती कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावरसुद्धा चढते. समुद्रासमोरच्या घरात एसीचा बाहेरचा डबा गंजलाय का. आणि शेगडी. बहुतेक स्टुडिओंत एकच विजेची शेगडी असते. ती इंडक्शन असेल तर भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर निव्वळ शोभेचा. लोखंडी तवा चालतो, बुडाला चुंबक चिकटणारं स्टील चालतं. इन्फ्रारेड शेगडी असेल तर सगळं चालतं. फुलका मात्र दोन्हीवर फुगवायला जाळी लागेल. आपला जाड तीन पिनांचा प्लगही इथल्या भिंतीत बसत नाही. ॲडॉप्टर बरोबर न्या. नळाचं पाणी पिऊ नका. २० लिटरची बाटली दारात मिळते.

जेवण: बाहेरचं

इथं शहर पाचला उठतं. साडेपाचला किनाऱ्यावर पोहणाऱ्यांची गर्दी, सहाला कॉफी, सात ते नऊ नाश्ता. साडेनऊला चांगले गाडे आवरलेले असतात. दुपारचं जेवण अकरा ते साडेबारा, मग दीडपर्यंत सरकारी कचेऱ्यासुद्धा वामकुक्षी घेतात. संध्याकाळी सहा ते आठ पुन्हा जेवण. भारताच्या घड्याळापेक्षा हे दीड तास पुढं आहे, त्यामुळे पुण्यातल्या ऑफिससाठी काम करणाऱ्याला हे वेळापत्रक फार सोयीचं पडतं: पोहणं, नाश्ता, बाजार आणि भाजी निवडून झाली की तिकडं साडेनऊ वाजतात.

दा नांगचा स्वतःचा पदार्थ म्हणजे मी क्वांग. हा सूप नव्हे. रुंद, मऊ तांदळाच्या शेवया, बऱ्याचदा हळदीने पिवळ्या. रस्सा अगदी थोडा, शेवयांच्या निम्म्यापर्यंत. वर कोळंबी-डुक्कर, किंवा कोंबडी, किंवा मासा, किंवा बेडूक, लावीचं उकडलेलं अंडं, भाजलेले शेंगदाणे. सोबत तिळाचा भाजलेला तांदळी पापड आणि टोपलीभर पाला: पुदिना, लेट्यूस, बारीक चिरलेलं केळफूल. खायची रीत अशी की आधी पापड चुरून वर टाकायचा, लिंबू पिळायचं, मग तळातून वर ढवळायचं आणि हिरवी मिरची पोह्यांबरोबर चावतो तशी मधूनमधून चावायची. पापड आधीपासून टाकून गप्पा मारत बसलात तर त्याचा लगदा होतो. भाव ३० ते ५० हजार.

बान्ह सेओ म्हणजे हळदीचं कुरकुरीत घावन, आत कोळंबी, डुक्कर आणि मोड. ते तांदळाच्या पातळ पापडात पाल्यासकट गुंडाळून घट्ट शेंगदाण्याच्या चटणीत बुडवतात. त्या चटणीत यकृत असतं, हे शाकाहारी माणसाने ध्यानात ठेवावं. बुन चा का हे फिशकेकचं गरम सूप, भोपळा-कोबी घातलेलं. पावसाळ्यात त्याला तोड नाही. आणि बुन माम नेम: आंबवलेल्या मासळीच्या उग्र चटणीत कालवलेल्या शेवया. सुकटीच्या वासाला सरावलेल्या घरातल्या माणसाला ते पहिल्या घासात आवडतं, बाकीच्यांनी तिसऱ्या महिन्यात प्रयत्न करावा. जवळच्या होई आन गावी गेलात की तिथल्या जाड, चिवट काव लाऊ शेवया आणि पिवळ्या भातावरचा कोम गा, म्हणजे कोंबडी-भात.

आता शाकाहार. शब्द आहे ‘चाय’. इथं चाय मागितली की टोफू येतो. चहा हवा असेल तर ‘च्या’ म्हणा. ‘क्वान चाय’ पाटी असलेल्या बौद्ध खानावळी प्रत्येक वस्तीत असतात. २० ते ३५ हजारांत भात, तीन भाज्या, सूप आणि सोयाबीनचं नकली मांस, इतकं हुबेहूब की पहिल्यांदा खाणारा ताट परत करतो. धोका चाय खानावळीत नाही. धोका आहे साध्या खानावळीत ‘चाय’ मागण्यात: तिथं वरचं मांस काढून देतात, रस्सा मात्र हाडांचाच आणि चव मासळीच्या अर्काची, नुओक मामची. त्यांच्या लेखी तो मसाला आहे, मासा नव्हे. म्हणून वाक्य फोनवर व्हिएतनामीत टंकून दाखवा. सहा सुरांची (टोनची) भाषा आहे, देवनागरीतून उच्चारलेलं बऱ्याचदा पोचत नाही. वाक्यात चार गोष्टी असू द्या: मांस नको, मासा-कोळंबी नको, नुओक माम नको, आणि हवं तर अंडं नको. ‘खोंग’ म्हणजे नको. गोमांस टाळायचं असेल तर ‘बो’ लक्षात ठेवा, डुकराला ‘हेओ’, कोंबडीला ‘गा’.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला निम्मं शहर चाय खातं. आपल्या एकादशीसारखंच. त्या दोन दिवशी एरवी मांस विकणारे गाडेही शाकाहारी मी क्वांग करतात आणि सकाळी सातला संपलेलेही असतात. घरात कालनिर्णय असेल तर अमावास्या-पौर्णिमेवर खूण करून ठेवा. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो.

बाहेर खाताना फसगत होते ती दोन-तीन ठिकाणी. टेबलावर आधीच ठेवलेले शेंगदाणे, लावीची अंडी आणि ओला रुमाल फुकट नसतात. नको असेल तर हात लावू नका, कुणी वाईट वाटून घेत नाही. समुद्राकाठच्या मासळीच्या हॉटेलात किमतीच्या जागी ‘थोय या’ लिहिलेलं असतं, म्हणजे आजचा भाव. किलोचा दर विचारा, मासा तुमच्यासमोर तोलू द्या आणि पिशवीतलं पाणी आधी ओतायला सांगा. बक्षिसी द्यायची पद्धत नाही.

वाढप्याला हाक मारायची पद्धत मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. लहान असेल तर ‘एम ओय’, आपल्याहून थोडा मोठा पुरुष ‘आन्ह’, ताई ‘ची’, मावशीच्या वयाची ‘को’, काका ‘चू’. नात्याने हाक मारली की गाड्यावरची बाई पाला दुसऱ्यांदा भरून देते.

जेवण: घरचं

बॅगेत हिंग, गोडा मसाला, आमसूल, कढीपत्ता वाळवून, आणि थोडी तूरडाळ एवढंच न्या. बाकी वजन वाया घालवू नका. हळद, आलं, खवलेला नारळ, तांदळाची पिठी, शेंगदाणे, सालं काढलेली मूगडाळ, कोथिंबीर, चिंच, कारलं, दुधी, लाल माठ, केळफूल सगळं चो कोन किंवा बाक मी आन बाजारात रोज ताजं मिळतं. क्वांग नामकडचा उसाचा गूळही मिळतो, वाटीच्या आकाराच्या ढेपेत; पुरणाला चालतो, रंग जरा गडद येतो. कणीक मात्र भारतीय दुकानातून किंवा ऑनलाइनच. बाजारात ‘बोत मी’ म्हणून मिळतो तो मैदा. बाजारात सातच्या आत जा. नऊनंतर भाजी तीच, पण मान टाकलेली.

दूध-दह्याचा घोटाळा प्रत्येकाचा होतो. दुधाच्या खोक्यावर ‘को दुओंग’ असेल तर साखर घातलेली, ‘इत दुओंग’ कमी साखर, ‘खोंग दुओंग’ बिनसाखरेचं. फ्रीजमधली रांग तिन्हींची मिसळलेली असते आणि खोकी सारखीच दिसतात. दह्याच्या डब्याला ‘सुआ चुआ’ म्हणतात, तेही बहुतेक गोडच. विरजणाला ‘खोंग दुओंग’ लिहिलेलाच डबा घ्या. लिटरभर दूध बोट सोसेल इतकं कोमट करून त्यात दोन चमचे घोटलेलं विरजण. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, डिसेंबरात रात्रभर टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावं लागतं.

दुचाकी

हा विषय लोक हसण्यावारी नेतात आणि मग दवाखान्यात कळतो. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आहे. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचाच मानतं. म्हणजे स्कूटर भाड्याने देणारा काही विचारत नसला तरी तुम्ही विनापरवाना आहात, आणि अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो. कायदेशीर वाटा दोन: ५० सीसीच्या आतली किंवा कमी शक्तीची इलेक्ट्रिक दुचाकी, जिला परवाना लागत नाही, किंवा दीर्घ मुदतीच्या वास्तव्यावर भारतीय परवाना इथल्या परवान्यात बदलून घेणं. तोवर ग्रॅबची दुचाकी. शहरातल्या शहरात ती इतकी स्वस्त आहे की हट्ट करण्यात अर्थ नाही.

चालवणारच असाल तर: वाहतूक उजवीकडून. आपली सवय मोडते ती सरळ रस्त्यावर नव्हे, रिकाम्या चौकात डावीकडे वळताना. दारूचा एक घोटसुद्धा चालत नाही, मर्यादा शून्य आहे. जानेवारी २०२५ पासून दंड वाढले. दुचाकीने लाल दिवा तोडला तर ४० ते ६० लाख दोंग, म्हणजे तेरा ते वीस हजार रुपये. भाड्याच्या गाडीसाठी पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका. रोख अनामत द्या. आणि गाडी घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा.

भटकंती

समुद्र मार्च ते सप्टेंबर. मी खेवर जीवरक्षक असतात; झेंड्यांच्या मधेच पोहा. ऑक्टोबरनंतर लाटांखाली आत ओढणारा प्रवाह असतो, चांगला पोहणाराही त्यात थकतो. तेव्हा पाय भिजवा आणि परत या.

ड्रॅगन पूल २०१३ मध्ये खुला झाला, लांबी ६६६ मीटर. शनिवार-रविवार रात्री नऊला ड्रॅगन आग आणि मग पाणी फेकतो. तोंड पूर्वेच्या काठाला आहे; तिथं उभे राहाल तर भिजाल. एकदा बघावा, मग नऊच्या सुमारास त्या बाजूचे रस्ते टाळावेत.

सोन ट्रा द्वीपकल्प हे शहराचं खरं वैभव. ६७ मीटर उंच पांढरी बोधिसत्त्वमूर्ती असलेल्या लिन्ह उंग पगोड्यापर्यंत कुणीही जातं. त्याच्या वर, जंगलात लाल पायांची डूक माकडं दिसतात ती सकाळी सहा ते आठ. खायला घालू नका. शिखराकडच्या चढावर बिनगिअरच्या स्कूटरना मनाई आहे, कारण उतरताना इंजिनाचा अटकाव मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात.

हाय वान घाट ४९६ मीटर उंचीपर्यंत चढतो. बोगद्यातून दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे दुचाकी आणि तेलाचे टँकर घाटातूनच जातात. हिवाळ्यात दुपारनंतर धुकं. याहून चांगला मार्ग म्हणजे रेल्वे: मार्च २०२४ पासून दा नांग–हुए ही खास गाडी धावते, तीनेक तासांची. हुएकडे जाताना उजव्या खिडकीचं तिकीट घ्या, समुद्र त्या बाजूला आहे.

बा ना हिल्सचा हातांवर पेललेला सोनेरी पूल २०१८ चा. तिकीट शहरातल्या महिन्याभराच्या कॉफीइतकं, गर्दी गणपतीतल्या लालबागसारखी. पाहुणे आले की त्यांना पाठवा. संगमरवरी टेकड्या मात्र स्वतः बघा: पाच टेकड्या, पंचतत्त्वांची नावं, चढायची ती थ्वी सोन. हुयेन खोंग गुहेत छताच्या भोकांतून ऊन आत येतं तेव्हाच मजा, म्हणून भर दुपारच्या आधी आणि निरभ्र दिवशी.

होई आन ३० किलोमीटरवर. जुन्या गावाचं तिकीट १,२०,००० दोंग. कपडे शिवून घ्यायचे तर तीन दिवस हाताशी ठेवा आणि दोनदा माप घालून बघा. ‘उद्या संध्याकाळी तयार’ म्हणणाऱ्याकडे बगल हमखास ओढते.

आपल्या माणसाने अख्खी सकाळ राखून ठेवावी ती चाम शिल्पसंग्रहालयासाठी. चाम म्हणजे या मुलखावर पूर्वी राज्य करणारे लोक. १९१९ पासूनचं हे संग्रहालय हान नदीकाठी, ड्रॅगन पुलापाशी आहे. ‘मी सोन’ या चामांच्या जुन्या मंदिरस्थळाहून आणलेला सातव्या-आठव्या शतकातला उभा गणपती इथं आहे: वाडग्यात सोंड घातलेली, हातात पाल्यासकट मुळा. शिवाय शेषशायी विष्णूच्या नाभीतून उमललेल्या कमळावरचा ब्रह्मदेव, नृत्यांगनांचं ट्रा किएउचं पीठ. चामांच्या राजांनी शिवाला भद्रेश्वर म्हणून पुजलं आणि शिलालेख संस्कृतात कोरले. हे पाहिलं की मग मी सोन. दगडी जोती आणि विटांची मंदिरं दरीत विखुरलेली आहेत. पुष्कळशी १९६९ च्या अमेरिकी बाँबवर्षावात गेली. भारतीय पुरातत्त्व खात्याने इथले तीन गट दुरुस्त केले आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्मातलं शिवलिंग सापडलं.

मी सोन शहरापासून सुमारे ७० किलोमीटर. बसगाड्या साडेनऊ-दहाला पोचतात आणि दरीत वारा नसतो, तेव्हा खासगी गाडी करून सकाळी साडेपाचला निघा, सातच्या सुमारास आत शिरा, दहाला बाहेर. दोन लिटर पाणी आणि टोपी लागतेच. विटांवर चढू नका. आणि परतीच्या वाटेवर मी क्वांगची पाटी दिसली तर थांबा, हा पदार्थ मूळचा याच मुलखातला आहे.